जोखमीची नोंदवही : मोठ्या कंपन्या धोका कसा ओळखतात आणि कसा हाताळतात

मागील माजी विद्यार्थी मेळाव्यात भोजनाच्या पंगतीत आमच्या शेजारी बसलेल्या एका विद्यार्थ्याने आम्हाला एक प्रश्न विचारला. तो एका औद्योगिक वसाहतीतील रसायन कारखान्यात पाळीवर काम करतो. तो म्हणाला, "सर, आमच्या कंपनीत 'रिस्क रजिस्टर' नावाची एक वही असते. वर्षातून दोनदा वरचे साहेब लोक बंद खोलीत बसतात आणि ती भरतात. तिच्यात काय लिहिले आहे हे आम्हाला कोणी सांगत नाही आणि लिहिण्यापूर्वी आम्हाला कोणी विचारतही नाही. असे का?"

आम्ही इतिहासाचे शिक्षक. व्यवस्थापनशास्त्र हा आमचा विषय नव्हे. त्या वेळी "वाचून सांगतो" एवढेच बोलून आम्ही सुटका करून घेतली. परंतु प्रश्न मनातून गेला नाही. प्रस्तुत लेख हे त्या प्रश्नाला उशिराने दिलेले उत्तर होय.

हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. आपल्या शाळेतून बाहेर पडलेले विद्यार्थी आज बँकांत, विमा कंपन्यांत, संगणक क्षेत्रात आणि कारखान्यांत काम करीत आहेत. कोणी कायम आहेत, कोणी कंत्राटी. ज्या पालकांनी कंपनीचे दार कधी पाहिले नाही, त्यांचीही भविष्यनिर्वाह निधीतील, विम्यातील आणि म्युच्युअल फंडातील बचत याच कंपन्यांच्या रोख्यांत व भागभांडवलात गुंतलेली असते. मोठी कंपनी बुडते किंवा पेटते, तेव्हा तिची झळ आपल्या घरापर्यंत येते. म्हणून हा विषय समजून घेणे आपणा सर्वांना अगत्याचे आहे.

जोखीम ही जुनीच गोष्ट

प्रथम 'धोका' आणि 'जोखीम' या दोन शब्दांतील भेद ध्यानात घेतला पाहिजे. पाऊस दडी मारेल, हा धोका आहे. तो ठाऊक असूनही शेतकरी घरातले बियाणे काढून पेरणी करतो, ती त्याने पत्करलेली जोखीम होय. जोखीम शून्य करायची असेल तर पेरणीच करू नये. पण मग पीकही येणार नाही. जोखीम व्यवस्थापनाविषयी 'आयएसओ ३१०००' हे आंतरराष्ट्रीय मानक २००९ साली प्रसिद्ध झाले आणि २०१८ साली सुधारण्यात आले. त्यातील व्याख्येचा आशय असाच आहे : आपल्या उद्दिष्टांवर अनिश्चिततेचा जो परिणाम होतो, ती जोखीम. म्हणजे उद्दिष्ट असेल तेथे जोखीम असणारच. ती ओळखून, मोजून, पेलेल एवढीच उचलणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे.

हे शहाणपण केवळ आधुनिक आहे, असे मात्र समजू नये. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत क्षहरात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. शाळेच्या सहलीत ही लेणी ज्यांनी पाहिली आहेत त्यांना तो आठवेल. उषवदाताने भिक्षुसंघासाठी तीन हजार कार्षापणांची कायम ठेव ठेवली. मूळ रकमेला हात लावायचा नाही, केवळ व्याज वापरायचे, अशी तिची अट होती. त्यांपैकी दोन हजार कार्षापण त्याने विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक या दराने ठेवले आणि एक हजार विणकरांच्याच दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा शेकडा पाऊण या दराने. दोन हजारांच्या व्याजातून वर्षावासात राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी द्यायचे होते. हिशेब मांडून पाहावा. दोन हजारांवर दरमहा वीस, म्हणजे वर्षाला २४० कार्षापण व्याज. वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा, म्हणजेही २४०. पै न पै जुळते. आणि हा सर्व व्यवहार निगमसभेत जाहीर करून तेथील दप्तरात नोंदविला, असेही लेखात म्हटले आहे.

या एका लेखात तीन तत्त्वे सापडतात. ठेव एकाच ठिकाणी नाही. एक श्रेणी अडचणीत आली तरी दुसरी उरते. खर्च येणाऱ्या उत्पन्नाएवढाच धरलेला आहे. आणि व्यवहार चार लोकांसमोर, उघड नोंदीने झालेला आहे. आजच्या कंपन्यांचे जोखीम व्यवस्थापन कितीही जाडजूड ग्रंथांत मांडलेले असले, तरी विभागणी, मर्यादा आणि उघड नोंद हे त्याचे तीन खांब आजही तेच आहेत.

सतराव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये एडवर्ड लॉइड यांच्या कॉफीगृहात जहाजमालक, व्यापारी आणि कप्तान जमत असत. कोणते जहाज निघाले, कोणते बुडाले, कोठे वादळ आहे, या बातम्या तेथे मिळत. त्या बातम्यांच्या आधारे जहाजांचा विमा उतरविला जाऊ लागला आणि त्यातूनच 'लॉइड्स' ही जगप्रसिद्ध विमा बाजारपेठ उभी राहिली. येथे एक गोष्ट आवर्जून लक्षात घ्यावी. पैसा श्रीमंतांचा होता, पण वादळाची बातमी समुद्रावरून आलेल्या माणसाकडे होती. ही बातमी ज्याला लवकर आणि खरी मिळे, तो तरत असे. पुढील सर्व विवेचनात आम्हाला हाच मुद्दा सांगावयाचा आहे.

कामाची रीत

आता मोठ्या कंपन्यांत हे काम प्रत्यक्षात कसे चालते ते पाहू. त्याच्या चार पायऱ्या आहेत.

पहिली पायरी ओळखीची. कंपनीचे निरनिराळे विभाग आपापल्या कामातील संभाव्य संकटांची यादी करतात. त्यांचे ढोबळ वर्ग असे : बाजारातील बदल आणि नवी स्पर्धा, दैनंदिन कामातील बिघाड, अपघात, आग, पैशाचे धोके, उदाहरणार्थ डॉलरचा भाव किंवा व्याजदर बदलणे, ग्राहकाने पैसे बुडविणे, कायदेभंगाचा धोका, संगणक यंत्रणेवरील हल्ला, आणि निसर्गाचा कोप. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबई ठप्प झाली. कार्यालय, वीज आणि दूरध्वनी एकाच वेळी बंद पडले तर काम दुसऱ्या शहरातून कसे चालवायचे, हा प्रश्न त्या दिवशी कोणाला नवा वाटला नसेल.

दुसरी पायरी मोजमापाची. प्रत्येक धोक्याला दोन गुण देतात. तो घडण्याची शक्यता किती, यासाठी एक ते पाच. आणि घडल्यास हानी किती, यासाठीही एक ते पाच. दोन्हींचा गुणाकार करून धोके लाल, पिवळ्या आणि हिरव्या रंगांच्या तक्त्यात मांडतात. समजा, एका यंत्राचा पट्टा वरचेवर तुटतो. शक्यता चार, हानी दोन, गुणाकार आठ. दुसरीकडे एका टाकीतून विषारी वायू सुटू शकतो. शक्यता एक, हानी पाच, गुणाकार पाच. कागदावर तुटणारा पट्टा वर राहिला आणि वायू खाली गेला! या पद्धतीचा हाच मोठा दोष आहे. म्हणून जाणत्या कंपन्या केवळ गुणाकारावर विसंबत नाहीत. ज्या घटनेने जीव जातील किंवा कंपनीच संपेल, ती कितीही दुर्मीळ असली तरी तिचा वेगळा विचार करतात.

तिसरी पायरी उपायाची. उपाय मुळात चारच आहेत. धोका टाळणे, म्हणजे ते काम किंवा तो पदार्थच सोडून देणे. धोका कमी करणे, म्हणजे सुरक्षा यंत्रणा, प्रशिक्षण, दुहेरी तपासणी. धोका वाटून घेणे, म्हणजे विमा उतरविणे किंवा परकीय चलनाचा पुढील तारखेचा भाव आजच करार करून बांधून ठेवणे. आणि चौथा, धोका जाणीवपूर्वक स्वीकारणे. कोणत्या मर्यादेपर्यंत स्वीकारायचा, हे संचालक मंडळाने आधी ठरवावे लागते. हे सर्व ज्या दप्तरात लिहितात, ती जोखीम नोंदवही. तिच्यात धोक्याचे नाव, त्याचे गुण, उपाय, मुदत आणि त्या धोक्याला जबाबदार असलेल्या व्यक्तीचे नाव असावे लागते. जबाबदार नाव नसेल, तर ती नोंद म्हणजे शाई वाया घालविणे होय.

चौथी पायरी देखरेखीची. तिच्यासाठी तीन फळ्या सांगितल्या जातात. पहिली फळी प्रत्यक्ष काम करणाऱ्यांची. दुसरी, जोखीम व कायदेपालन पाहणाऱ्या अधिकाऱ्यांची. तिसरी, अंतर्गत लेखापरीक्षकांची. हे लोक ज्यांचे काम तपासतात त्यांच्या हाताखाली नसावेत, त्यांनी आपला अहवाल थेट संचालक मंडळाच्या लेखापरीक्षण समितीकडे द्यावा, असा दंडक आहे.

रचना चोख आहे. मग इतक्या मोठ्या कंपन्या का कोसळतात? त्यासाठी आपण तीन घटनांकडे वळू. तिन्ही घटना इतिहासजमा आहेत आणि तिन्हींची तपासणी झालेली आहे.

दहा मिनिटांची आग

१७ मार्च २००० च्या संध्याकाळी अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात, अल्बुकर्की येथे वीज पडली. वीजपुरवठ्यात बिघाड होऊन फिलिप्स कंपनीच्या चिप बनविणाऱ्या कारखान्यातील एका भट्टीला आग लागली. आग सुमारे दहा मिनिटांत विझली. परंतु चिप बनविण्याच्या कक्षांत धुळीचा कणही चालत नाही. धूर आणि पाणी शिरल्याने ते कक्ष निकामी झाले व लाखो मोबाईल संचांना पुरतील इतक्या चिपांचा नाश झाला.

या कारखान्याचे दोन मोठे ग्राहक होते : फिनलंडची नोकिया आणि स्वीडनची एरिक्सन. दोघांनाही एकच निरोप मिळाला : आठवडाभर उशीर होईल. दोघांकडेही तो निरोप साध्या, मधल्या पातळीवरील कर्मचाऱ्यांकडे आला. येथून पुढे दोन वाटा फुटल्या.

नोकियात खरेदी विभागातील माणसाने ही किरकोळ वाटणारी बातमी लगेच वर कळविली. त्या भागांवर विशेष लक्ष ठेवण्यात आले व फिलिप्सकडे रोज चौकशी सुरू झाली. उशीर आठवड्याचा नसून कित्येक महिन्यांचा आहे, हे उघड झाले, तेव्हा नोकियाचे लोक तयारच होते. फिलिप्सच्या इतर कारखान्यांतून आणि दुसऱ्या पुरवठादारांकडून चिप मिळविण्यात आल्या. काही चिपांची रचना बदलून घेण्यात आली. नोकियाचे उत्पादन फारसे अडले नाही.

एरिक्सनमध्ये मात्र ही बातमी दोन तंत्रज्ञांमधील बोलणे म्हणून खालीच राहिली. वरिष्ठांच्या कानी ती पडली तेव्हा काही आठवडे गेले होते. शिवाय खर्च वाचविण्यासाठी एरिक्सनने काही महत्त्वाच्या भागांकरिता एकच पुरवठादार ठेवला होता. दुसरे दार नव्हतेच. या एका आगीमुळे सुमारे ४० कोटी डॉलरची विक्री हातची गेली, असे सांगितले जाते. आधीच तोट्यात असलेल्या मोबाईल विभागाला हा घाव सोसला नाही. २००१ साली एरिक्सनने हा व्यवसाय सोनीबरोबरच्या भागीदारीत नेला.

एरिक्सनने यातून धडा घेतला, हेही सांगितले पाहिजे. पुढे तिने प्रत्येक महत्त्वाच्या भागासाठी पुरवठादार किती आहेत आणि एक बंद पडल्यास दुसरीकडून माल सुरू व्हायला किती आठवडे लागतील, याची पद्धतशीर नोंद ठेवण्यास सुरुवात केली.

पण नोकियाची कथा येथे संपत नाही. ज्या कंपनीत २००० साली वाईट बातमी झपाट्याने वर जात होती, तीच कंपनी २००७ नंतर स्मार्टफोनच्या स्पर्धेत मागे पडली आणि २०१४ साली तिचा मोबाईल व्यवसाय मायक्रोसॉफ्टच्या ताब्यात गेला. नंतर अभ्यासकांनी नोकियातील व्यवस्थापक आणि अभियंते यांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा आढळले की आपली प्रणाली कमी पडते आहे हे मधल्या फळीला ठाऊक होते. पण वरिष्ठांच्या रागाच्या भीतीने ते स्पष्ट सांगण्यास लोक कचरत होते. म्हणजे बोलण्याची सवय ही एकदा कमावली की कायमची राहते, असे नाही. ती रोज जपावी लागते.

एकाच माणसाच्या हाती दोन किल्ल्या

बेरिंग्ज ही लंडनची बँक १७६२ साली स्थापन झालेली. तिच्या सिंगापूर कार्यालयात निक लीसन नावाचा तरुण अधिकारी वायदे बाजारात सौदे करीत असे. त्या सौद्यांच्या नोंदी आणि ताळमेळ ठेवणारा विभागही त्याच्याच ताब्यात होता. आपल्या गावातील पतपेढीतसुद्धा रोखपाल आणि हिशेबनीस वेगळे असतात. येथे ते एकच! लीसनने आपला तोटा एका वेगळ्या खात्यात दडवून ठेवला. १७ जानेवारी १९९५ रोजी जपानमधील कोबे येथे भूकंप झाला, बाजार कोसळला आणि तोटा फुगत गेला. फेब्रुवारीअखेर तो ८० कोटी पौंडांहून अधिक असल्याचे उघड झाले व बँक बुडाली. डच कंपनी आयएनजीने ती केवळ एक पौंड देऊन विकत घेतली.

अंतर्गत लेखापरीक्षकांनी १९९४ मध्येच हा दोष दाखविला होता. दोन्ही कामे वेगळी करावीत, असे त्यांनी लिहिले होते. म्हणजे धोका ओळखला गेला होता आणि कागदावर आला होता. पण त्या कार्यालयातून भरघोस नफा येताना दिसत होता आणि नफा आणणाऱ्या माणसाला प्रश्न विचारण्याची कोणाला घाई नव्हती. नोंद झाली, कृती झाली नाही.

भोपाळ

तिसरी घटना लिहिताना आमचा हात जड होतो. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री भोपाळ येथील युनियन कार्बाइडच्या कीटकनाशक कारखान्यातील ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरले आणि सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू शहरावर पसरला. मध्य प्रदेश शासनाच्या नोंदीप्रमाणे मृतांचा आकडा ३,७८७ आहे. पीडितांच्या संघटना तो याहून कितीतरी अधिक असल्याचे सांगतात. जे वाचले, त्यांपैकी असंख्यांची फुप्फुसे आणि डोळे कायमचे अधू झाले.

जोखीम व्यवस्थापनाच्या दृष्टीने पाहिले, तर सर्वांत विदारक बाब ही की धोका अनोळखी नव्हता. १९७६ सालीच दोन कामगार संघटनांनी कारखान्यातील प्रदूषणाविषयी तक्रार केली होती. डिसेंबर १९८१ मध्ये फॉस्जीन वायूने एका कामगाराचा बळी घेतला. मे १९८२ मध्ये अमेरिकेतील मूळ कंपनीच्या तज्ज्ञांनी कारखान्याची पाहणी करून सुरक्षेतील गंभीर दोष लिहून दिले. त्याच वर्षी राजकुमार केसवानी या स्थानिक पत्रकाराने आपल्या साप्ताहिकातून शहराला सावध केले. तरीही त्या रात्री टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती. सुटलेला वायू जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याची नळी दुरुस्तीसाठी काढलेली होती. वायू धुऊन निष्प्रभ करणारी यंत्रणा त्या लोंढ्यापुढे निरुपयोगी ठरली. कारखाना तोट्यात होता. खर्च कमी करण्यासाठी कामगारांची संख्या घटविण्यात आली होती. कामाच्या सूचना इंग्रजीत होत्या आणि ज्यांनी त्या पाळायच्या त्यांपैकी थोड्यांनाच ती भाषा नीट येत होती. भाषा हीसुद्धा जोखीम असते, हे आम्ही शिक्षकांनी तरी विसरू नये.

आणि कारखान्याच्या भिंतीला लागून असलेल्या वस्त्यांचे काय? तेथील गरीब कुटुंबांना आत काय साठविले आहे हे कोणी सांगितले नव्हते. वायू आल्यास तोंडावर ओले फडके धरावे, एवढी साधी गोष्टही त्यांना ठाऊक नव्हती. सर्वांत मोठी जोखीम ज्यांच्या माथी होती, त्यांची नोंद कोणत्याच वहीत नव्हती. फेब्रुवारी १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलर देऊन कंपनीने भारत सरकारशी तडजोड केली. कंपनीच्या हिशेबात जोखमीची किंमत ठरली आणि चुकती झाली. भोपाळच्या घराघरांत ती आजही चुकविली जात आहे.

कायदा काय सांगतो

या घटनांनी कायदे बदलले. भोपाळनंतर १९८६ साली पर्यावरण संरक्षण कायदा आला. दिल्लीतील ओलियम वायुगळतीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे तत्त्व घालून दिले की, घातक उद्योग चालविणाऱ्याने हानीची पूर्ण भरपाई केलीच पाहिजे; 'आम्ही काळजी घेतली होती' ही सबब चालणार नाही. १९८७ साली कारखाने अधिनियमात दुरुस्ती होऊन घातक प्रक्रियांसाठी स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले. धोक्याची माहिती कामगारांना आणि आसपासच्या जनतेला देणे, सुरक्षा समितीत कामगार व व्यवस्थापन यांचे समान प्रतिनिधी घेणे, आणि तातडीचा धोका दिसल्यास तो व्यवस्थापनाच्या नजरेस आणण्याचा कामगाराचा हक्क, या गोष्टी त्यामुळे कायद्याच्या पुस्तकात आल्या.

कंपन्यांच्या हिशेबाबाबत तसाच धक्का ७ जानेवारी २००९ रोजी बसला. सत्यम कॉम्प्युटर्सच्या अध्यक्षांनी त्या दिवशी लेखी कबुली दिली की, ताळेबंदात दाखविलेली ५,०४० कोटी रुपयांची रोकड प्रत्यक्षात नाहीच. या कंपनीत स्वतंत्र संचालक होते, नामवंत लेखापरीक्षक होते आणि काही महिन्यांपूर्वीच तिला उत्तम कारभाराचा पुरस्कारही मिळाला होता. पुढे कंपनी कायदा २०१३ संमत झाला. कंपनीच्या अस्तित्वालाच बाधा आणू शकतील असे धोके कोणते आणि त्यांसाठी कोणते धोरण राबविले, हे संचालक मंडळाने वार्षिक अहवालात सांगावे, असे त्याच्या कलम १३४ मध्ये म्हटले आहे. कलम १७७ नुसार शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांनी तक्रारीसाठी दक्षता यंत्रणा ठेवावी, तक्रार करणाऱ्याचा छळ होऊ नये याची तजवीज करावी आणि आवश्यक तेथे त्याला थेट लेखापरीक्षण समितीच्या अध्यक्षापर्यंत जाता यावे, अशी तरतूद आहे. सेबीच्या नियमांनुसार बाजारमूल्याने पहिल्या १००० कंपन्यांना जोखीम व्यवस्थापन समिती नेमावी लागते.

आमच्या ज्या विद्यार्थ्यांनी शेअर घेतले आहेत किंवा जे कंपनीत नोकरी करतात, त्यांना आमची सूचना आहे. कंपनीचा वार्षिक अहवाल तिच्या संकेतस्थळावर असतो. त्यातील जोखमीचे पान काढून चार प्रश्न विचारावेत. दरवर्षी तीच वाक्ये शब्दशः छापलेली आहेत काय? कंपनी एकाच ग्राहकावर, एकाच पुरवठादारावर किंवा एकाच कर्जावर उभी आहे काय? अपघातांची माहिती देताना कंत्राटी कामगार मोजले आहेत काय? आणि दक्षता यंत्रणेकडे किती तक्रारी आल्या? तक्रारींचा आकडा शून्य असेल तर हुरळून जाऊ नये. मोठ्या कंपनीत शून्य तक्रारी याचा अर्थ सर्व आलबेल, असाही होतो आणि कोणी बोलत नाही, असाही होतो.

वही कोणी भरावी?

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे परत येतो. नियम सांगतो की पहिली फळी प्रत्यक्ष काम करणाऱ्यांची. मग वही भरताना तीच फळी खोलीबाहेर का? याचे उत्तर आम्हाला ग्रंथांपेक्षा आमच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात अधिक नीट मिळाले.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एका रविवारी आम्ही सहज स्वयंपाकघरात गेलो असता गॅसच्या शेगडीची रबरी नळी वळणावर चिरलेली दिसली. विचारल्यावर कळले की, स्वयंपाक करणाऱ्या मावशींना ते महिनाभर ठाऊक होते. त्या रोज काम संपताच सिलिंडर बंद करीत, खिडक्या उघड्या ठेवीत आणि मुलांना आत येऊ देत नसत. म्हणजे धोका ओळखणे, त्याचे मोजमाप आणि उपाय, तिन्ही पायऱ्या त्यांनी एकट्याने केल्या होत्या. आम्ही म्हणालो, "मावशी, आधी का नाही सांगितलंत?" त्या खाली पाहत म्हणाल्या, "सर, मागं मिक्सर बिघडल्याचं सांगितलं, तर तुम्हीच म्हणालात, मावशी, तुमच्याच हातनं बिघडला असंल. आता नळीचंही माझ्यावरच आलं असतं."

ते वाक्य आमचेच होते. आम्हाला ते आठवतही नव्हते. मावशी विसरल्या नव्हत्या. शंभरावर मुले ज्या इमारतीत झोपतात, तेथील धोक्याची बातमी आमच्या एका वाक्याने महिनाभर अडून राहिली होती. नळी त्याच दिवशी बदलली. मावशींची आम्ही क्षमा मागितली. त्यानंतर स्वयंपाकघरात एक साधी वही टांगली. तिच्यात मावशी, पहारेकरी, सफाई करणारे दादा आणि मुले, कोणीही लिहावे किंवा लिहवून घ्यावे. दर शनिवारी मुख्याध्यापकांनी ती वाचून प्रत्येक नोंदीपुढे काय केले ते लिहावे. आणि दोष कळविणाऱ्यालाच दोषी धरू नये, असे ठरले. पहिले दोन महिने वही कोरी राहिली. तिसऱ्या महिन्यात मुलींच्या बाजूच्या जिन्याचा कठडा हलतो, अशी नोंद पाचवीतल्या एका मुलीने केली. कठडा खरोखरच हलत होता.

मोठ्या कंपनीची जोखीम नोंदवही याहून फार वेगळी नाही. तिच्यात आकडे अधिक आहेत, भाषा जड आहे, एवढेच. वीज कोठे पडेल हे कोणतेही व्यवस्थापन सांगू शकत नाही. पण चिरलेली नळी, एका हातातील दोन किल्ल्या, बंद पडलेली शीतयंत्रणा, हे कोणाला ना कोणाला आधीच दिसलेले असते. बहुधा ते सर्वांत कमी पगाराच्या माणसाला दिसलेले असते. त्याने सांगितल्यावर त्याचे काय होते, यावर त्या कंपनीची सुरक्षितता ठरते.

म्हणून त्या विद्यार्थ्याला आमचे उत्तर असे : बाळा, तुझ्या पाळीत तुला जे दिसते ते तारीख-वार घालून लिहून ठेव. सुरक्षा समितीत तुमचे प्रतिनिधी कोण आहेत हे विचारून घे, नसतील तर ते नेमावेत म्हणून सर्वांनी मिळून अर्ज द्या. एकट्याने बोलणे कठीण असते, दहा सह्यांचा कागद सहसा परत जात नाही. आणि जे विद्यार्थी आज अधिकारी झाले आहेत, त्या बंद खोलीत बसून वही भरीत आहेत, त्यांना आमचे सांगणे एवढेच : खोलीचे दार उघडा आणि पाळीवरच्या माणसाला आत बोलावून खुर्ची द्या. तो बोलू लागेल तेव्हा आम्ही मावशींना म्हणालो तसले वाक्य उच्चारू नका.